वीस बादल्या

हंगामाच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहून गात होती. आमच्या आईला गाता येत नसे. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवायची. पण त्या दिवशी शेगडीच्या चारही जाळांवर चार पातेली होती, खिडक्यांच्या काचा वाफेनं आंधळ्या झाल्या होत्या, आणि ती लाकडी डावानं खिमा-मॅकरोनी ढवळत काहीतरी बेसूर म्हणत होती. माझी धाकटी बहीण बेरिट तिच्या पायाला मिठी मारून बसली होती. आई शेगडीकडून ओट्याकडे जायची ती पायाला लटकलेल्या बेरिटला घेऊनच.

सप्टेंबरची तीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्यातली बीट उपटायची यंत्रं एकदम सुरू होणार होती. ती एकदा सुरू झाली की शेवटचं बीट साखर कारखान्याच्या ढिगावर पडेपर्यंत कुणाच्याही घरी कुणी धड जेवत नसे. बाबा संध्याकाळी सहा ते सकाळी सहा यंत्रावर असत. आई सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ट्रकवर, शेतातून ढिगावर आणि ढिगावरून शेतात.

"आमची गाठ फाटकात पडते," आई म्हणायची. "म्हणून तर संसार टिकलाय."

मी नऊ वर्षांची होते, माझा भाऊ केल चारचा आणि बेरिट दोनची. हंगामात शाळेतली निम्मी मोठी मुलं दोन-तीन आठवडे दिसत नसत; मीही घरीच असे. बाई विचारत नसत, कारण त्यांचाही नवरा ट्रकवर असे.

आदल्या वर्षी आम्ही हंगामभर खारी बिस्किटं आणि साखर-लोण्याचा पाव खाल्ला होता. केलचे पुढचे दोन दात काळे पडले. दवाखान्यातली परिचारिका बेरिटला काट्यावरून उचलत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "घरी यांना काय घालता हो तुम्ही?" घरी येईपर्यंत आईनं गाडीची काच खाली ठेवली होती. थंडी होती तरी.

म्हणून या वर्षी ती तीन दिवस रांधत होती. कोंबडी-भात, जव घातलेलं मटणाचं सूप, खिमा-मॅकरोनी, घेवडा-बटाटा. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या आमच्याकडे कुणी टाकत नाही. कडीच्या, पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या त्या बादल्या आईनं वर्षभर सबंध गावाकडून मागून जमवल्या होत्या. एका बादलीत पाच जणांचं दोन वेळचं जेवण मावायचं. अन्न मागच्या ओसरीत निववून ती बादलीत भरायची, झाकणावर कागदी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर लिहायची. 'कोंबडी-भात. बेरिटला गाजर कुस्करून.' 'सूप. केलला हाड देऊ नको, भांडतो.'

एक, दोन, तीन असे आकडे मात्र तिनं घातले नाहीत. तेवढं एक राहिलं.

आमच्या फ्रीजमध्ये बर्फाचे दोन साचे आणि एक मासा, एवढीच जागा होती. मोठा डीप फ्रीजर होता तो सात मैलांवर लवॉनमावशीच्या तळघरात. दुपारी आम्ही बादल्या गाडीत भरल्या.

"मोज," आई म्हणाली.

मी मोठ्यानं मोजल्या. "वीस."

"परत मोज."

"वीसच आहेत, आई."

"हंगाम तेरा-चौदा दिवसांचा. वीस म्हणजे पाऊस लागला तरी पोटभर." तिनं डिकी बंद केली आणि तिच्यावर हात टेकून क्षणभर उभी राहिली. तिच्या मनगटाला भाजल्याचा लाल पट्टा होता. "आता विचार म्हणावं, काय घालता."

मावशी दारातच उभी होती. आईपेक्षा ती चार वर्षांनी मोठी, इस्त्रीच्या कपड्यांतली, स्वच्छ नखांची. तिला मूल नव्हतं. तिच्याकडे वरच्या मजल्यावर एक पिवळा रंग दिलेली खोली होती आणि तिचं दार नेहमी लोटलेलं असे.

"अगं बाई, पलटण येणारे का जेवायला?"

"हीच माझी पलटण. लवॉन, रोज सकाळी एक आणून ठेवशील ना ओसरीवर? जमेल ना?"

"सात मैल म्हणजे काय परदेश आहे? तेवढंच पोरांचं तोंड दिसेल मला." तिनं बेरिटला आईच्या कडेवरून घेतलं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. "हिला आंघोळ कधी घातलीस?"

"काल."

"काल?" मावशी म्हणाली, आणि हसली.

*

मावशीनं अकरा दिवस शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज सकाळी सातला तिची निळी गाडी यायची. ती ओसरीवर बादली ठेवायची, बेरिटचा पापा घ्यायची, माझे केस विंचरायची आणि जायची.

बाबा पलीकडच्या खोलीत झोपलेले असत. म्हणून घरात आवाज नको. मी स्टुलावर उभी राहून अन्न गरम करायची. डाव लाकडी, ताटल्या प्लास्टिकच्या, पाणी बारीक धारेनं. केलला मी कुजबुजत दटावायची. बेरिटला भरवायला दीड तास लागे. ती घास गालात धरून ठेवायची आणि गिळायचीच नाही. मी तिचा गाल बोटानं दाबायची. कधी जोरात दाबायची. मग ती रडायची, आणि मी तिच्या तोंडावर उशी नाही, पण माझा तळवा धरायची, बाबा उठू नयेत म्हणून.

एकदा झाकण फरशीवर पडलं. बाबा लांब चड्डीवर बाहेर आले. डोळे लाल, दाढीत माती. ते ओरडले नाहीत. "मार्ना," ते म्हणाले, "मी झोपेत यंत्राखाली गेलो तर तुला बरं वाटेल का?" आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी केल आणि मी टेबलाखाली बसून जेवलो.

संध्याकाळी आई आली की फाटकात बाबांच्या खांद्याला हात लावायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "खाल्लं?" मग बादली उचलून तिचा तळ बघायची. तळ दिसला की तिथंच खुर्चीत बसायची, बूट न काढता. कधीकधी बसल्या बसल्याच झोपायची. तिच्या बुटांची माती वाळून फरशीवर गळायची आणि सकाळी ती मी झाडायची.

नवव्या दिवशी ऊन चढलं. बीट तापलेलं असलं तर ढिगात सडतं, म्हणून कारखान्यानं काम थांबवलं. थांबणार, सुरू होणार, परत थांबणार. सगळं खोरं रेडिओला कान लावून बसलं. चौदा दिवसांचा हंगाम आता किती दिवसांचा होणार, कुणाला सांगता येईना.

"आपल्याकडे वीस आहेत," आई म्हणाली.

*

बाराव्या दिवशी ओसरीवर बादली नव्हती. मावशी दुपारी रिकाम्या हातांनी आली आणि कोट काढून बसली. तिनं बेरिटला आंघोळ घातली, तिची नखं कापली, केलच्या नाकाला रुमाल लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "किती दमलीस गं तू. डोळे बघ कसे झालेत. बेरिटला मी काही दिवस नेलं, तर तुला झोप तरी मिळेल."

मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं नाही, पण तिच्याजवळ सरकून बसले.

आई सहाला आली. "खाल्लं?"

"संपल्या, आर्डिस," मावशी म्हणाली. "कालची शेवटची होती."

आई हात धुता धुता थांबली. "काय संपल्या?"

"बादल्या. अकरा होत्या, अकरा आणून दिल्या."

"वीस होत्या."

"अगं, तीन दिवस तू झोपली नव्हतीस. डोळ्यांसमोर चार पातेली म्हणजे आठ दिसत असतील. फ्रीजर रिकामा आहे. मी काय खोटं बोलीन तुझ्याशी?"

"वीस होत्या, लवॉन. मार्नानं मोजल्या." आई माझ्याकडे वळली. तिच्या हातांवरून साबणाचं काळं पाणी गळत होतं. "मार्ना, किती होत्या गं? तू दोनदा मोजल्यास ना?"

मावशीही माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर बेरिट होती, धुतलेली, गुलाबी, अंगठा चोखत. बादल्या असतील तर बेरिट इथंच राहणार. उद्या परत दीड तास, परत तिचा गाल, परत माझा तळवा. मी एवढाच विचार केला. त्यापलीकडचं काही नाही.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

आईनं नळ बंद केला. "असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

तरी त्या दिवशी तिनं बेरिटला नेऊ दिलं नाही. "मी करते काहीतरी," म्हणाली. त्यानंतर ती रोज पहाटे चारला उठून बटाटे भाजायची. एकदा ते करपले, कारण ती भट्टीच्या दाराशी टेकून झोपली. एकदा ती कच्चेच ठेवून गेली आणि दिवसभर ट्रकमध्ये त्याच विचारात होती. ट्रकांच्या वजनकाट्यावर ती आपला नंबर सोडून पुढे गेली आणि काटेवाल्यानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाई, आकडे वाचता येतात का?"

चौदाव्या दिवशी दुपारी परत उष्म्यानं काम थांबलं. आई घरी आली आणि मातीचे बूट तसेच पायात ठेवून म्हणाली, "चल, लवॉनकडे जाऊ. मला तो फ्रीजर एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचाय." आम्ही निघालो. मी पुढच्या सीटवर, मागे दोघं. तिसऱ्या मैलावर रेडिओवरचा माणूस म्हणाला की ढग आलेत, बीट थंड झालंय, चार वाजता काम सुरू.

आईनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत बसली. पुढे चार मैल होते. मागे तीन.

"रविवारी जाऊ," ती म्हणाली, आणि गाडी वळवली.

*

रविवार यायच्या आधी मावशी आली. मी पलंगावर झोपले होते, दुपारी, कपड्यांसकट. केल बाहेर होता. बेरिटनं तपकिरी साखरेची पिशवी कपाटातून ओढून काढली होती आणि ती मुठीनं खात होती. तिच्या पापण्यांवर साखर होती. लंगोट सकाळचाच होता. मला जाग आली ती मावशीच्या आवाजानं. ती रागावली नव्हती. शांतपणे म्हणत होती, "असू दे, मार्ना. तू झोप. तू लहान आहेस." बेरिटचे कपडे तिनं कागदी पिशवीत भरले आणि टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'हंगाम संपेपर्यंत.'

संध्याकाळी आईनं चिठ्ठी वाचली. बादलीचा तळ बघायची तशीच तिनं कपाटातली साखरेची पिशवी उचलून बघितली. मग जेवायला न बसता झोपली.

त्या रविवारी काम थांबलंच नाही आणि आईला जाता आलं नाही. पुढच्या रविवारी मावशी मलाही एक दिवस घेऊन गेली. बेरिट पिवळ्या खोलीत पांढऱ्या पाळण्यात झोपली होती. मी मावशीच्या स्वच्छ चादरीवर चार तास झोपले. उठल्यावर तिनं विचारलं, "आइस्क्रीम खाणार? खाली फ्रीजरमध्ये आहे, आण जा."

मी तळघरात गेले. फ्रीजरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं. वर मटाराच्या पिशव्या होत्या, एक व्हॅनिलाची बादली होती, आणि तिच्याखाली बादल्या. मी व्हॅनिलाची बाजूला केली. खालच्या बादलीवर कागदी पट्टी होती. पट्टीवर आईचं अक्षर होतं. 'कोंबडी-भात. बेरिटला गाजर कुस्करून.'

मी त्या मोजल्या. बोटं बधिर होईपर्यंत, एकेक बादली हलवून, दोनदा मोजल्या. नऊ.

"मिळालं का गं?" वरून मावशीनं हाक मारली.

"मिळालं," मी म्हणाले.

बादल्या मी होत्या तशा लावल्या. व्हॅनिलाची घेऊन वर आले. मावशीनं मला भांडंभर आइस्क्रीम दिलं आणि वर चेरीचा पाक घातला. माझ्या लाल झालेल्या बोटांकडे ती बघत होती. मी सगळं खाल्लं. भांडं चाटलं.

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला हंगाम संपला. आई नऊ तास झोपली, उठून डोक्यावरून न्हाली, चर्चचा झगा घातला, बेरिटचे लाल बूट हातात घेतले आणि आम्ही मावशीकडे निघालो. बाबा गाडीत बसून राहिले. मी आईबरोबर आत गेले.

"थोडं ऐक, आर्डिस," मावशी म्हणाली. बेरिट तिच्या कडेवर होती आणि आईकडे झेपावत नव्हती. "दवाखान्यात वजन केलं. दोन पौंड वाढलंय. तिथल्या बाईंनी स्वतः सांगितलं, हिला आहे तिथंच राहू द्या. नाताळपर्यंत राहू दे. तुझ्यासाठीच सांगते. तुला दोन आहेत, ते तरी नीट सांभाळ."

"ती माझी आहे."

"तुझीच आहे गं. कोण नाही म्हणतंय? पण साखर खात होती ती, आर्डिस. मुठीनं."

आईच्या मानेवर तांबडे डाग उमटले. "वीस होत्या असं मला अजून वाटतं," ती हळू म्हणाली.

"तुला वाटतं," मावशी म्हणाली.

तळघराचं दार माझ्यापासून पाच पावलांवर होतं. मी जाऊन ते उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण मग आईनं विचारलं असतं, तेव्हा का बोलली नाहीस? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि तेच मला द्यायचं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

बाहेर बाबांनी गाडी सुरू केली. आईनं लाल बूट दाराशी ठेवले. जोडीनं, बाहेर तोंड करून. कुणीतरी आता निघणारच आहे असे.

नाताळचा ईस्टर झाला. ईस्टरनंतर दत्तकाचे कागद झाले. "ती तिथं बरी आहे," बाबा म्हणाले, आणि त्यानंतर त्या विषयावर कधी बोलले नाहीत. बेरिट आमच्यापासून सात मैलांवर वाढली. आईला ती 'आर्डिस' म्हणायची.

*

आई या ऑक्टोबरात गेली. बाबा आधीच गेले होते. खोऱ्यात हंगाम चालू होता. शवपेटी दफनभूमीकडे नेताना बीटच्या ट्रकांची रांग थांबली आणि चालकांनी टोप्या काढल्या. आदल्या दिवशी मी तिचं घर आवरताना फ्रीजर उघडला होता. हा तिनं बेरिट मावशीकडे गेल्याच्या पुढच्याच वर्षी घेतला होता. आत सहा बादल्या होत्या. प्रत्येकीवर काळ्या ठळक अक्षरात आकडा, एक ते सहा, आणि प्रत्येक आकड्याभोवती गोल. चौतीस वर्षांत तिनं बिनआकड्याची बादली भरली नाही. चर्चच्या जेवणाला ताटल्या मांडायची तर तीनदा मोजायची. बायका हसायच्या. तीही हसायची.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लांब टेबलं, कॉफी, हॅम घातलेले पाव, भट्टीत भाजलेल्या चार प्रकारच्या हॉटडिश, अजून वाफाळणाऱ्या. एल्डोरा म्हणून आमची एक जुनी शेजारीण पावांची तबकं मोजत होती.

"साठ माणसं, किती लागतील?"

"नीट मोज हं," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "आर्डिसचं गणित नको. अकराला वीस म्हणशील."

टेबलभर हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं ते. आईवर माया असलेल्या बायकांचंच होतं. बेरिटही हसली. छत्तीस वर्षांची बेरिट, आईच्याच कपाळाची, तिच्याच रुंद मनगटांची. "मला तर तेवढंच ठाऊक आहे तिच्याबद्दल," ती शेजारणीला म्हणाली. "आर्डिसला आकडे येत नव्हते, म्हणून मी लवॉनकडे वाढले." तिच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत मावशी होती. तिचे हात थरथरत होते, म्हणून बेरिट तिला चमच्यानं भरवत होती. मावशी कपाकडे बघून बारीकसं हसत होती.

माझ्या हातात कॉफीची मोठी किटली होती. मी ती टेबलावर ठेवली.

"वीस होत्या," मी म्हणाले.

एल्डोरा म्हणाली, "काय गं?"

"मार्ना," मावशी म्हणाली. तिचा आवाज फार स्पष्ट होता. "आज नको."

बेरिटनं चमचा खाली ठेवला. आधी तिनं मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. वरच्या रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला आणि कप हलले.

"आईचं काहीच चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "तिनं वीस भरल्या. अकरा मावशीनं आणून दिल्या. नऊ हिच्या फ्रीजरमध्ये होत्या, व्हॅनिलाच्या खाली. त्यातल्या एकीवर तुझं नाव होतं. मी त्या दोनदा मोजल्या आणि वर येऊन आइस्क्रीम खाल्लं. आणि त्याआधी, बेरिट, आईनं मला तुझ्यासमोर विचारलं होतं, किती होत्या. मला आठवत होतं."